दाराच्या मुठीला टांगलेली पाटी

"ताई, मी मूळची सांगलीची, वय २९. तिकडे शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. लग्नानंतर ऑगस्टमध्ये नवऱ्याबरोबर जर्मनीत स्टुटगार्टला आले. तो इंजिनियर आहे, सकाळी जातो तो संध्याकाळी साडेसहाला येतो. इथलं सगळं तोच बघतो, माझं जर्मन ए-वनपुरतं, म्हणजे पहिल्या पायरीचं, तेही ऑनलाईन केलेलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी आत्तापर्यंत दोन चिठ्ठ्या टाकल्यात, एक रविवारी मिक्सर लावला म्हणून, एक कचऱ्यावरून. मग एक दिवस आमच्या दाराच्या मुठीला कुणीतरी पाटी अडकवून गेलं. नवरा टूरवर होता. मला वाटलं आमच्याविरुद्ध काहीतरी लिहिलंय, मी ती काढून खाली जिन्यात ठेवून दिली, तेव्हापासून आजी समोर आल्या तरी बोलत नाहीत. माझं बँकेचं कार्ड पोस्टाने येणार होतं ते दोनदा परत गेलं. आता तर साडेचारलाच अंधार होतो आणि मला रडू यायला लागतं. आईला मात्र रोज सांगते मस्त चाललंय. आम्ही इथे कुणाला नकोच आहोत का? की माझंच काही चुकतंय? परत यावंसं वाटतं."
— एक सांगलीकर

प्रिय सांगलीकर,

तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पाटीपाशी थांबले, कारण ती पाटी कसली ते मला माहितीये, आणि पाच महिने झाले तरी ते तुला कुणीच सांगितलेलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

ती पाटी तुमच्याविरुद्ध नव्हती गं. त्या पाटीवर 'केअरवोखे' असं लिहिलेलं असणार. तुम्ही राहता त्या भागाला श्वाबेन म्हणतात आणि तिथली ही जुनी पद्धत आहे, बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने आळीपाळीने एक आठवडा जिना झाडून पुसायचा, कधी तळघर आणि बाहेरची फरशीसुद्धा, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. आठवडा संपला की तुम्ही साफसफाई करून ती पाटी पुढच्या दाराला अडकवायची. यातला 'केर' आपल्या केरासारखाच ऐकू येतो आणि अर्थही झाडण्याचाच आहे, वोखे म्हणजे आठवडा, त्यामुळे मराठी माणसाला हा शब्द एकदा कळला की आयुष्यभर विसरत नाही. स्टुटगार्टचे लोक हिची गोष्ट १४९२ सालापर्यंत मागे नेतात, तेव्हाच्या शहराच्या नियमांत प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावी असं होतं. शहराचा नियम म्हणून ती सक्ती १९८८ मध्ये गेली, पण घराच्या भाडेकरारात आणि बिल्डिंगच्या नियमांत ती अजून बसलेली असते, आणि माणसांच्या मनात तर फारच घट्ट.

आता आजींच्या बाजूने बघ. नवीन जोडपं आलं, पाळी आली, रीतसर पाटी लावली, आणि त्या जोडप्याने पाटी काढून जिन्यात ठेवून दिली. त्यांच्या हिशोबाने तू 'आम्ही नाही करणार जा' असं तोंडावर सांगितलंस. आणि तुझ्या हिशोबाने त्यांनी तुला 'तुम्ही नकोत' असं सांगितलं. दोघींपैकी कुणीच तसं म्हटलं नव्हतं. उलट पाटी लावली याचा अर्थ तुम्हाला बिल्डिंगमधलं एक घर धरलं होतं, जी बाकीच्यांची पाळी ती तुमची.

चिठ्ठ्यांचंही तसंच आहे. आपल्याकडे शेजारणीचा मिक्सर खटकला तर आपण तिला काही म्हणत नाही, तिसरीला सांगतो, मग ती चौथीला, आणि महिन्याभराने कुणाच्या तरी हळदीकुंकवाला ते तिच्या कानावर जातं. इथे ज्याचं त्याला सरळ सांगतात, लिहून सांगतात, खाली सही करतात, आणि सांगितलं की त्यांच्या डोक्यातून गेलं. मला हे समजायला दोन वर्षं लागली. सुरुवातीला रस्त्यात कुणीही काहीही टोकायचं, रस्ता रिकामा बघून लाल दिव्यात ओलांडला तर एक आजोबा मागून ओरडले की लहान मुलं बघतायत ना, आणि मी घरी येऊन रडले. आज त्या आजोबांचं म्हणणं मला पटतं, पण त्या दिवशी मला ते परदेशी म्हणून हाकलल्यासारखं वाटलं होतं. परक्या देशात पहिल्या वर्षी प्रत्येक गोष्ट आपल्याला आपल्या कातडीवरच येऊन लागते. काही वेळा खरंच कातडीवरूनच बोललेलं असतं, ते मी नाकारत नाही, तसे लोक मला भेटलेत आणि तुलाही भेटतील, पण तुझ्या पत्रातल्या चिठ्ठ्या त्यातल्या नाहीत.

रविवारचा मिक्सर. हे नीट समजून घे कारण आपल्या घरात रविवार म्हणजेच इडली-डोसा आणि चटणी. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार व सणाच्या दिवशी अख्खा दिवस. नुसती चालरीत नाहीये ही, १९१९ च्या त्यांच्या वायमार राज्यघटनेत रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून राखलेला होता आणि ते कलम आजच्या घटनेतही तसंच्या तसं ठेवलंय. म्हणून दुकानं बंद, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणंही बंद कारण खळखळाट होतो. बोलणं-चालणं, स्वयंपाक, कुकरची शिट्टी यावर कुणी काही म्हणत नाही, पण आपला साडेसातशे वॅटचा मिक्सर लाकडी जमिनीच्या जुन्या घरात खालच्यांच्या छतावर अक्षरशः गिरणी चालवल्यासारखा वाजतो. उपाय सोपा आहे. वाटण-घाटण शनिवारी करून ठेव, दाण्याचं कूट, चटणी, डोशाचं पीठ सगळं, आणि मिक्सरखाली जाड टॉवेलची चौपदरी घडी ठेव, निम्मा आवाज तिथेच मरतो. थंडीत पीठ आंबत नाही ही पुढची तक्रार येईल, तर ओव्हनमधला नुसता दिवा लावून त्यात पातेलं ठेव रात्रभर.

कचऱ्याबद्दल तू काय चुकलीस ते लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे तू भाजीची देठं-सालं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलीस. सगळे तेच करतात पहिल्यांदा. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक बिलकुल नको, कागदात गुंडाळून टाक. पोह्याची पिशवी, दुधाचा खोका, तेलाची बाटली असली वेष्टणं पिवळ्यात. लोणच्याची काचेची बरणी गल्लीतल्या कंटेनरमध्ये, पांढरी वेगळी, तपकिरी वेगळी, हिरवी वेगळी. आणि पाण्याच्या किंवा कोकच्या बाटल्या कुठेच टाकायच्या नाहीत, त्यावर अनामत भरलेली असते, एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घालून पावती घ्यायची आणि बिलातून वजा करायची. लहानपणी गोटी सोड्याची बाटली दुकानात परत द्यायचो ना, तेच हे. नळाचं पाणी तसंही बिनधास्त पी, स्टुटगार्टला ते बरंचसं बोडनझे नावाच्या मोठ्या तळ्यातून येतं आणि उत्तम असतं.

हे सगळं तुला नवऱ्याने का नाही सांगितलं असं मी विचारणार होते, मग लक्षात आलं की त्यालाही माहीत नसेल. तो सकाळी जाऊन रात्री येतो, ऑफिसात इंग्लिश बोलतो, बिल्डिंगशी त्याचा संबंध झोपण्यापुरता. आणि इथे मला तुझ्याशी जे मनापासून बोलायचंय ते येतं.

तू लिहिलंस की सगळं तोच बघतो. मला कळतंय तो हे प्रेमाने करतोय, तुला त्रास नको म्हणून. माझाही नवरा असाच होता, आहे. मी २००६ मध्ये साताऱ्याहून एसलिंगेनला आले, तुझ्याहून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, आणि पहिली दोन वर्षं मी एकही फोन केला नाही, एकही फॉर्म भरला नाही, डॉक्टरकडेसुद्धा मला काय होतंय ते तोच सांगायचा आणि मी शेजारी बसून मान हलवायचे. मग २००८ च्या हिवाळ्यात तो कामासाठी दुसऱ्या शहरात होता आणि रात्री दीडला आमच्या नऊ महिन्यांच्या मुलाला ताप चढला, चाळीसच्या पुढे. तेव्हा आत्तासारखा रात्री डॉक्टर मिळवायचा ११६११७ नंबर नव्हता. नवऱ्याचा फोन बंद. मला 'ताप' हा शब्द जर्मनमध्ये येत नव्हता. विचार कर, दोन वर्षं राहून मला ताप हा शब्द येत नव्हता, कारण तो शब्द उच्चारायची वेळ कुणी माझ्यावर येऊच दिली नव्हती. मी रात्रभर ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत बसले आणि सहाला नवऱ्याचा फोन लागला. मुलगा बरा झाला, आज तो माझ्यापेक्षा उंच आहे. पण त्या रात्री मला समजलं की मी या देशात राहत नव्हते, मी नवऱ्याच्या घरी पाहुणी होते, आणि पाहुण्याला कितीही छान ठेवलं तरी त्याला घरी जावंसं वाटणारच. तुला परत यावंसं वाटतंय त्यात मला हे दिसतंय.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे, तुझ्या नवऱ्याच्या हातातली कामं काढून आपल्या हातात घे. सगळी नको, एकेक. भांडून नको, त्याला हे पत्र वाचायला दे.

पहिलं काम, दारावरच्या बेलवर आणि खाली पत्रपेटीवर तुझं आडनाव लाव. तू लिहिलं नाहीस पण तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असणार आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं. इथे फ्लॅट नंबर पत्त्यात नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत पाठवतो. तुझं कार्ड याच्यामुळेच परत जात असणार, बँकेने काही केलेलं नाही. इथे सगळं पत्रानेच येतं, कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, इन्शुरन्स, व्हिसा ऑफिसची अपॉइंटमेंट सगळं. आणि त्यात एक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नाही म्हणून फसवणूक समजून फाडू नका, दर घराला ती भरावीच लागते. आधी घरमालकाला विचारून नावाची एकसारखी पट्टी करून घ्या, तोपर्यंत कागदावर लिहून चिकटव. आज संध्याकाळीच चिकटव.

दुसरं, दुकान. आठवड्यातून दोन सकाळी तू एकटी जा, काहीही आणायला, कोथिंबिरीची जुडी आणायला जा. तुर्की दुकानात जा, तिथे कोथिंबीर, पुदिना, भेंडी, छोले सगळं असतं आणि तिथला दुकानदार स्वतः कधीतरी हेच सगळं सोसून बसलेला असतो, तो तुझ्या मोडक्या जर्मनला हसत नाही. 'क्वार्क' म्हणून डबा मिळतो, ज्यावर चाळीस टक्के फॅट लिहिलंय तो घे, साखर-वेलची-केशर घाल, चक्का बांधायची गरजच नाही, श्रीखंड तयार. नवलकोल तिकडे कोलराबी म्हणून ढिगाने मिळतो. पोळ्यांना इंडियन आटा महाग वाटला तर १०५० नंबरचं गव्हाचं पीठ बघ. हे मी का सांगतेय, तर स्वयंपाकघरातून बाहेर पडणारा रस्ता तुझ्या ओळखीचा आहे म्हणून. मी कॅशियरशी पहिलं वाक्य बोलले ते बटाट्यावरून.

आणि भाषा. बाई, तू मराठी आहेस, तुझं अर्धं काम आधीच झालंय. माझ्या क्लासमध्ये ज्यांच्या भाषेत लिंगंच नाहीत ते डेअर-दी-दास या जर्मनच्या तीन लिंगांना रडायचे, आपल्याकडे तो-ती-ते तिन्ही आहेत ना. ती जुळत नाहीत हे खरं, त्यांचा सूर्य 'ती' आहे आणि मुलगी 'ते', पण प्रत्येक वस्तूला लिंग असतं हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. एकवीसला ते एक-आणि-वीस म्हणतात, इंग्रजीवाले अडखळतात, आपण लहानपणापासून एकवीस, बावीस, पंचवीस असं एकक आधीच म्हणतोय. अडीच वाजले तर ते 'हाल्ब द्राय' म्हणतात, म्हणजे अर्धा-तीन, आणि आपलं अडीचसुद्धा मुळात अर्ध-तृतीयच. पावणेतीनला तुझ्या श्वाबेनमध्ये 'द्रायफिअर्टल द्राय' म्हणतात, हुबेहूब पावणेतीन. 'कारण' म्हटल्यावर क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तेही आपल्याच वळणाचं. तू आणि तुम्ही जसं आपल्याकडे तसंच तिथे 'दू' आणि 'झी', आणि 'अगं मला तू म्हण' हे मोठ्याने लहानाला म्हणायचं, लहानाने आपणहून सुरू करायचं नाही. हे सगळं घेऊन तू ऑनलाईन क्लास सोड आणि फोक्सहोखशूलेत नाव घाल, म्हणजे मोठ्या माणसांचे क्लास चालवणारी संस्था, सगळे त्याला व्हीएचएस म्हणतात, गावोगाव असतं, फी परवडते. तिथे समोर माणसं असतात, सीरियाची बाई असते, ब्राझीलचा मुलगा असतो, युक्रेनची आजी असते, आणि त्या सगळ्यांना चिठ्ठ्या आलेल्या असतात.

फक्त एक ध्यानात ठेव, क्लासमधलं जर्मन आणि तुझ्या जिन्यातलं जर्मन वेगळं असेल. पुण्यात पुस्तकातून मराठी शिकलेला माणूस सांगलीच्या भाजी मंडईत उभा केला तर त्याचं जे होईल ते तुझं होईल. ते नमस्कार म्हणून 'ग्रूस गॉट' म्हणतील, प्रत्येक शब्दाला शेवटी 'ले' लावतील, जाताना 'आडे' म्हणतील. घाबरू नको, आणि जिन्यात कुणीही दिसलं तर आधी तू ग्रूस गॉट म्हण. आपल्याकडे 'जेवलात का' नाही विचारलं तरी चालतं, ओळखीचं हसलं की झालं, तिथे जिन्यात न बोलता पुढे गेलं तर ते टोचतं.

अंधाराचं. हे तू तीन शब्दांत लिहिलंस पण मला वाटतं सगळ्यात जास्त तेच छळतंय. तुमच्याकडे सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या आसपास जातो. आणि हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे. म्हणजे बघ, तुझ्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा सांगलीत रात्रीचे दहा, आई झोपायला गेली, मैत्रिणी झोपल्या, नवरा यायला अजून तास आहे, बाहेर काळोख. जगात कुणीच जागं नाही असं वाटायची ती वेळ आहे, मला ती अजून आठवते. त्या वेळेला घरात थांबूच नको. माइलेंडर चौकात स्टुटगार्टची मोठी सरकारी लायब्ररी आहे, २०११ मध्ये उघडली, पांढरीशुभ्र, चौकोनी, मधोमध उंच मोकळी जागा, रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे जाऊन मुलांची पुस्तकं वाच, विज्ञानाची वाच, तुला प्रकाशसंश्लेषण माहितीये, त्याच्यावरची जर्मन चित्रं बघून शब्द आपोआप बसतात. व्हीएचएसचा क्लास संध्याकाळचा मिळाला तर त्याहून उत्तम. आणि दुपारी, ऊन असो नसो, तासभर बाहेर चाल, स्टुटगार्टमध्ये डोंगरावरच्या द्राक्षाच्या मळ्यांपर्यंत पायऱ्या जातात, चारशेहून जास्त जिने आहेत म्हणे त्या शहरात, सांगलीच्या पोरीला द्राक्षाचे मळे ओळखीचे वाटतील. मार्चच्या शेवटी घड्याळ पुढे जाईल, फरक साडेतीन तासांवर येईल, आणि जूनमध्ये साडेनऊला उजेड असेल तेव्हा तुला झोप येत नाही म्हणून तक्रार करशील.

पण रडू रोजचंच झालं असेल, दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, सकाळी उठावंसं वाटत नाही असं असेल तर ते घराच्या आठवणीवर ढकलू नको. घराजवळ एक हाउसआर्त्स्ट शोध, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, इथे आधी त्याच्याकडेच जायचं असतं. सरकारी विमा असेल आणि तुझी कमाई नसेल तर नवऱ्याच्या विम्यात तू फुकट येतेस. जाताना काय होतंय ते कागदावर लिहून ने आणि तू बोल, नवरा आला तरी बाहेर बसू दे. तिथले डॉक्टर पटकन गोळ्या देत नाहीत, सर्दी-तापाला चहा पी आणि झोप म्हणतात, इंजेक्शनची अपेक्षा ठेवून गेलीस तर चिडशील, ते दुर्लक्ष नसतं. रात्री-सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर फ्रिजवर लाव. आणि ताप म्हणजे 'फीबर'.

शाळेचं तू ओझरतं लिहिलंस, मला वाटतं मुद्दाम ओझरतं. नवऱ्यामागे आलेल्या बायकोच्या व्हिसावर साधारणपणे नोकरीला परवानगी असते, तुझ्या कार्डावर 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट' लिहिलंय का बघ. सरकारी शाळेत शिक्षिका व्हायला बरीच वर्षं जातात, भाषा फार वरची लागते, बहुतेक ठिकाणी दोन विषय लागतात, हे मी गोड करून सांगणार नाही. पण बीएड फुकट गेली असं समजू नको. डिग्रीला मान्यता मिळते का ते बघायला अनाबिन नावाची सरकारी यादी आहे, तिथे तुझं विद्यापीठ शोध, मग भाषा बी-टूपर्यंत ने, बालवाड्यांना माणसं हवीच असतात, तिथून सुरू करणाऱ्या दोघी-तिघी माझ्या ओळखीत आहेत. आणि काही शहरांत मराठी पालक मिळून शनिवार-रविवारी मुलांना मराठी शिकवतात, तिकडे चौकशी कर, खडू हातात आला की तुला तू परत सापडशील. मराठी मंडळी गणपती-दिवाळीला भेटतात तिथेही जा, मोदक खा, मनसोक्त मराठी बोल. फक्त आठवड्याचे सगळे दिवस त्यांच्यातच घालवू नको, मी तसं वर्षभर केलं आणि भाषा तिथेच राहिली.

आता आई. 'मस्त चाललंय' हे बंद कर. तुला वाटतं तिला काळजी लागेल. अगं सांगलीतल्या बाईला काळजीचं काय सांगतेस, २००५ चा, २०१९ चा, २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिलेली ती, गाद्या-गहू माळ्यावर चढवून तुम्हाला सुखरूप ठेवलेली बाई, तिला जर्मन शेजारणीची चिठ्ठी झेपणार नाही असं तुला का वाटलं? रोज एक खरी गोष्ट सांग. छोटी. 'आज दुकानात गेले आणि सुट्टे मोजता आले नाहीत, मागच्या माणसाने उसासा टाकला.' ती दोन शिव्या देईल त्या माणसाला आणि तुला बरं वाटेल. खोटं बोलून फोन ठेवला की एकटेपणा दुप्पट होतो, हे मी अनुभवाने सांगतेय, मी माझ्या आईला तापाच्या त्या रात्रीबद्दल पाच वर्षांनी सांगितलं आणि ती सगळ्यात जास्त त्याच्यावर रडली, की तू मला तेव्हा का नाही उठवलंस.

परत यायचं की नाही ते मी नाही सांगणार. एक वर्ष पूर्ण कर, एक उन्हाळा तिथे बघ, आणि मग ठरव, आणि ठरवताना तू ठरव. तेव्हाही परत यावंसं वाटलं तर ये, त्यात कमीपणा काही नाही.

राहता राहिल्या आजी. शनिवारी सकाळी दहा-साडेदहाला जा, दुपारी एकनंतर नको, ती त्यांची विश्रांतीची वेळ. एकटी जा. बेलवर त्यांचं आडनाव बघून त्याआधी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लावून हाक मार, नावाने नको. रिकाम्या हाताने जाऊ नको पण फार काही नेऊही नको, आठ-दहा शंकरपाळे वाटीत पुरे, जास्त दिलं तर त्यांना परतफेडीचं ओझं होतं. आणि हे म्हण, आरशासमोर पाच वेळा म्हणून मग जा: "ग्रूस गॉट. एन्टशुल्डिगुंग वेगन डेअर केअरवोखे. इष वुस्टे निष्ट, वास दास शिल्ड बेडॉयटेट. क्योनेन झी एस मिअर त्साइगेन?" केअरवोखेबद्दल माफ करा, त्या पाटीचा अर्थ मला माहीत नव्हता, मला दाखवाल का कसं करायचं. मग त्या काय बोलतील ते बहुधा तुला कळणार नाही, फार भराभर आणि श्वेबिशमध्ये, म्हणजे श्वाबेनच्या बोलीत, बोलतील, 'लांगझाम, बिट्टे' म्हण, म्हणजे हळू बोला. बादली आणि फडकं दाराशी भरून ठेवूनच जा, त्यांनी तिथल्या तिथे दाखवायला घेतलं तर.

काय झालं ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई